धोंड्याच्या महिन्यातल्या तेहतीस बाटल्या

दवाखान्यानं मागितल्या होत्या रक्ताच्या दोन बाटल्या. तेहतीस करायच्या हे तुळजाबाईंनी आपल्या तोंडानं ठरवलं, आणि तुळजाबाईंच्या तोंडून एकदा निघालेला आकडा खाली आलेला अजून कोणी पाहिलेला नव्हता.

थोरली सून साधना वर्षभर भिंत धरून चालत होती. महिन्याचे चार दिवस आठ झाले, आठाचे बारा झाले, तरी ती काही बोलली नाही. तुळजाबाईंच्या घरात सुना बोलत नसत. ते काम एकीनं आधीच उचललेलं होतं. शेवटी साधना ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. पडताना दुधाचं पातेलं घेऊन पडली, आणि दूध सांडलं म्हणून सगळ्यांचं तिच्याकडं लक्ष गेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशयात गाठ आहे, पुढच्या बुधवारी ऑपरेशन करू. पण हिमोग्लोबिन सात आहे, आधी दोन बाटल्या रक्त चढवावं लागेल. "उन्हाळ्यात रक्तपेढी रिकामी असते. कॉलेजं बंद, शिबिरं बंद. तुम्ही घरातली दोन धडधाकट माणसं आणा. गट कोणताही चालेल. त्यांनी पेढीला द्यायचं, पेढी साधनाच्या गटाचं आपल्याला देईल. दाते नसले तर मात्र ऑपरेशन पुढं ढकलावं लागेल, आणि पुढं ढकलण्यासारखी हिची तब्येत नाही."

तुळजाबाईंना बाकीचं काही ऐकूच आलं नाही. दोन हा आकडा तेवढा कानात रुतला.

"दोन? डॉक्टरीणबाई, घनसावंगीला आमच्या घरची पंगत बसली तर पार गोदावरीला टेकती. आन् तुम्ही दोन माणसं मागून राह्यल्या? आमच्या खानदानाचं रक्त घट्ट हाय. तुमच्या नळीतून उतरलं म्हंजे मिळवली."

डॉक्टरीणबाईंनी साधनाच्या रिपोर्टावरच्या साताकडं एकदा पाहिलं आणि रिपोर्ट मिटून फाइलीत ठेवला. शिकलेली माणसं वाद असे फाइलीत ठेवतात.

घरी येऊन तुळजाबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. वाचता फारसं येत नसलं तरी तिथी त्यांना अंगठ्यानं कळत असे. अधिक महिना चालू होता, आपल्याकडचा धोंड्याचा महिना. या महिन्यात केलेल्या दानाला तोड नाही, आणि दान करायचं ते तेहतीसच्या हिशेबानं. जावयाला अनारसे द्यायचे ते तेहतीस, बत्तासे द्यायचे ते तेहतीस. मग रक्त दोनच बाटल्या कसं द्यायचं? देवाला काय वाटेल, आणि देवाचं जाऊ द्या, शहागडच्या जावयाला काय वाटेल?

"रविवारी पुनव हाय," त्या म्हणाल्या. "शिबिर इथंच, आपल्या दारात. तेहतीस बाटल्या."

नवरे भुजंगराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "दोन मागितल्यात."

"तुम्ही पेपर वाचा."

तेवढ्यात समोरच्या घरातल्या चांगुणाबाई साधनाला बघायला आल्या. चांगुणाबाई अंगणवाडीत सेविका. गल्लीतल्या सगळ्या लेकरांचं वजन त्यांच्या वहीत आणि सगळ्या सुनांची दुखणी त्यांच्या कानात. दर सहा डिसेंबरला त्या रक्त देत, आणि त्याचं कार्ड पर्समध्ये बसच्या पाससारखं बाळगत. तुळजाबाईंचं आणि त्यांचं वीस वर्षांचं बोलणं होतं, पण ते रस्त्याच्या मधोमध. चांगुणाबाईंकडचा चहा तुळजाबाई पीत नसत. कोणी कारण विचारलंच तर पित्त होतं म्हणत. जगातला बाकी कुठलाही चहा त्यांना बाधत नव्हता.

"चांगलं काम काढलं तुम्ही," चांगुणाबाई म्हणाल्या. "फक्त सगळ्यांना सांगा, पोटभर जेवून या. उपाशी माणसाचं रक्त घेत न्हाईत ते. आन् गोळ्या कोण खातं, वय किती, वजन किती, हे आधी विचारून घ्या."

तुळजाबाईंनी मान हलवली आणि चांगुणाबाईंची पाठ वळल्याबरोबर म्हणाल्या, "हिला लेकरांना खिचडी वाढून वाढून जगात सगळीकडं जेवणच दिसतं. दान काय जेवून करत असतात? पोरीचं कन्यादान केलं तेव्हा आम्ही नवराबायको दिवस मावळेपर्यंत पाण्यावर होतो. पोरगी द्यायची तर उपाशी, आन् रक्त द्यायचं तर ढेकर देऊन? हे कुठलं शास्त्र?"

मग त्यांनी घनसावंगीला धाकटे दीर कडूबा यांना फोन लावला. तुळजाबाई फोनवर इतक्या मोठ्यानं बोलत की फोन नसता तरी घनसावंगीला ऐकू गेलं असतं.

"कडूबा भाऊजी, जीपभर माणसं आणा. न्हाऊन, धुतलेली कापडं घालून, बिलकुल निरंकार. चहासुदिक न्हाई. दान झाल्यावर इथं वरण-बट्टीचं जेवण हाय."

"वैनी, चहाबी न्हाई?"

"खानदानाच्या इज्जतीचा सवाल हाय."

खानदानाची इज्जत म्हटल्यावर कडूबा चहा सोडायला तयार झाले. तंबाखूचं त्यांनी विचारलं नाही, आणि न विचारलेल्या गोष्टीला मनाई नसते.

थोरला मुलगा भागवत बियाण्याच्या कंपनीत कारकून. जागेचं काम त्याच्याकडं आलं. गल्लीच्या टोकाची शाळा सुट्टीमुळं रिकामी होती. मुख्याध्यापक म्हणाले, संस्थेच्या अध्यक्षांचं पत्र आणा. अध्यक्ष म्हणाले, मुख्याध्यापकांचा अर्ज आल्याशिवाय मी पत्र कसं देऊ? भागवत दोन दिवस या दोघांच्या मध्ये झोक्यासारखा हलला. तिसऱ्या दिवशी दोघांचं एकमत झालं की सुट्टीत किल्ली शिपायाकडं असते आणि शिपाई लग्नाला गेला आहे. धोंड्याच्या महिन्यात लग्नं नसतात, एवढं विचारण्याचंही त्राण भागवतात उरलं नव्हतं. शेवटी घरातला सोफा अंगणात काढला आणि बैठकीच्या खोलीत शिबिर ठरलं.

धाकटा राधेश्याम, त्याच्याकडं बॅनर. पोरानं हौसेनं दहा फुटी केला. मधोमध तुळजाबाईंचा फोटो, भोवती झेंडूच्या माळेची चौकट, दोन बाजूंना समया, आणि खाली मोठ्या अक्षरात संकल्प. शुक्रवारी तो गल्लीच्या तोंडाला लागला, आणि अकरा वाजता स्टेशनकडच्या दोन बाया डोळ्याला पदर लावूनच दारात आल्या.

"कधी झालं हो?" एकीनं हुंदका दाबत विचारलं.

दार तुळजाबाईंनीच उघडलेलं होतं.

त्या बाया किंकाळी फोडून मागं सरल्या त्याचं तुळजाबाईंना काही वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की दोघीच आल्या. "मी मेल्यावर दोनच बाया येणार का?" असं त्या दिवसभर विचारत होत्या.

रविवार उजाडला. रक्तपेढीची गाडी साडेनऊला आली. सोबत दोन खाटा, पेट्या, आणि ज्योत्स्ना नावाची एक तरतरीत तपासनीस मुलगी. तिनं आल्या आल्या तुळजाबाईंना "आजी" म्हटलं, तिथंच दिवसाचं पाऊल वाकडं पडलं.

घनसावंगीची जीप आली. तीतून पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली चौदा माणसं उतरली, उपाशी आणि त्यामुळं थोडी चिडलेली. शहागडहून जावई माऊलीराव आले. त्यांचं हायवेला टायरचं दुकान. पहिल्या बाटलीचा मान जावयाचा, हे ठरलेलंच होतं. तुळजाबाईंनी त्यांना कुंकू लावलं, हातात नारळ दिला आणि थेट खाटेकडं न्यायला लागल्या.

"आधी वजन," ज्योत्स्ना म्हणाली.

माऊलीराव नारळासकट काट्यावर उभे राहिले. ज्योत्स्नानं नारळ काढून घेतला.

"त्रेचाळीस. पंचेचाळीस लागतं, काका. तुमचं न्हाई घेता येणार."

सासूच्या देखत जावयाचं वजन त्रेचाळीस निघणं म्हणजे जावयाचा नव्हे, सासूच्या स्वयंपाकघराचा अपमान. बारा वर्षं या माणसानं या घरचे धोंडे खाल्ले होते. ते गेले कुठं?

"काटा खराब हाय," तुळजाबाईंनी निकाल दिला. मग काटा तपासायला स्वतः त्यावर उभ्या राहिल्या, खाली पाहिलं, आणि म्हणाल्या, "लईच खराब हाय."

पुढं कडूबा. फॉर्म भरताना ज्योत्स्नानं विचारलं, "वर्षभरात कुत्रं वगैरे चावलं का?" कडूबांनी अभिमानानं पोटरी दाखवली. होळीला चावलं होतं, पाच इंजेक्शनं झाली होती. बाद, एक वर्ष थांबायचं. भागवत इन्सुलिनवर, बाद. भुजंगराव सदुसष्टांचे. पहिल्यांदा देणाऱ्याला साठीच्या पुढं चालत नाही. ते इतक्या पटकन "बरं" म्हणून उठले की तुळजाबाईंना संशयच आला.

राधेश्यामवर सगळी भिस्त. सव्वीस वर्षांचा, ना गोळी ना व्यसन. त्यानं बाही वर केली आणि ज्योत्स्नानं पेन खाली ठेवलं.

"हे कधी गोंदलं?"

दंडावर मोठ्या वळणदार अक्षरात 'आई' लिहिलेलं होतं. तुळजाबाईंच्या वाढदिवसासाठी एप्रिलात काढलेलं, त्यांना दाखवायला योग्य वेळ शोधत होता.

"गोंदल्यावर एक वर्ष रक्त देता येत न्हाई, दादा."

तुळजाबाईंनी दंड धरून अक्षरं निरखली. "काय लिव्हलंय?"

"आई."

"तू मला जन्मापासून माय म्हणतो. ही आई कोण?"

आता राहिली जीपमधली माणसं. ज्योत्स्नानं ओळीत पहिल्याला विचारलं, "सकाळी काय खाल्लं?"

"काहीच न्हाई," तो छाती काढून म्हणाला.

दुसरा म्हणाला, "पाणीसुदिक न्हाई." तिसऱ्यानं कालच्या दुपारपासूनचं सांगितलं, कारण त्याला पुण्यात आघाडी घ्यायची होती.

ज्योत्स्नानं कपाळाला हात लावला. "उपाशी माणसाचं रक्त घेतलं तर तो इथंच आडवा होतो. कोणी सांगितलं उपाशी यायला?"

चौदाच्या चौदा बोटं एका दिशेला वळली. तुळजाबाई तेव्हा बट्ट्यांच्या कणकेकडं फार बारकाईनं बघत होत्या.

घाईघाईनं चूल पेटवली. पण बट्टी म्हणजे काही बिस्कीट नव्हे. ती आपल्या वेळेनं भाजते, तिथं तुळजाबाईंचंही चालत नाही. रक्तपेढीला तीन वाजता परतूरला दुसरं शिबिर होतं, दोनला निघायचं होतं. "आन् पोटभर हाणल्यावर लगेच न्हाई देता येत," ज्योत्स्नानं बजावलं. "तास-दोन तास थांबावं लागतं."

"बाप्ये असेच," तुळजाबाई म्हणाल्या. "खानदान बायांच्या जिवावर असतं. शालू, ये पुढं."

धाकटी सून शालू पुढं आली. ज्योत्स्नानं बोटाला टोचलं, थेंब घेतला आणि मोरचुदाच्या निळ्या पाण्याच्या ग्लासात सोडला. सगळे वाकून बघायला लागले. थेंब पृष्ठभागाखाली जरा गेला, घुटमळला, आणि वर येऊन फिरत राहिला.

"तरंगला," तुळजाबाई आनंदानं म्हणाल्या. "पास."

"नापास. रक्तात लोह असलं की थेंब जड होतो, बुडतो. तरंगला म्हणजे रक्त पातळ."

मग जीपमधून आलेल्या कडूबांच्या बायकोनं उपाशीपोटीच बोट पुढं केलं, तिचाही थेंब तरंगला. लेक म्हणजे माऊलीरावांची बायको, तिचाही तरंगला. खोलीच्या दाराशी साधना खुर्चीवर बसली होती, पांढरीफटक. ती ग्लासाकडं बघत नव्हती. सासूकडं बघत होती.

"माझा घ्या," तुळजाबाई म्हणाल्या.

"आजी, आधार कार्डावर तुमचं वय त्रेसष्ट हाय."

"ते मास्तरानं अंदाजे लावलंय. मला मावशी म्हण, आन् टोच."

ज्योत्स्ना हुशार पोरगी. देता येणार नाही, पण तपासायला काय हरकत, म्हणून तिनं टोचलं. घट्ट खानदानाचा तो थेंब निळ्या पाण्यात पडला. सगळं घर ग्लासावर वाकलं. थेंब खाली जायला निघाला, मध्येच त्याला काही आठवलं असावं, आणि उलटा फिरून वर आला. पाण्यावर मजेत तरंगायला लागला.

"आजी," ज्योत्स्ना हळूच म्हणाली, "तुमच्या घरातल्या बाया जेवत न्हाईत का?"

तुळजाबाईंनी उत्तरासाठी तोंड उघडलं आणि मनातल्या मनात दिवस मोजले. सोमवार महादेवाचा. मंगळवार देवीचा. गुरुवार दत्ताचा. शनिवार मारुतीचा. चतुर्थ्या, एकादश्या वेगळ्या. उरलेल्या दिवशी पुरुषांची पंगत, मग पोरांची, मग बायांची. बायांपर्यंत येईतो भाजीचा रस उरे. हा नेम त्यांच्या सासूनं त्यांना लावला होता, आणि त्यांनी तो सुनांना व्याजासकट लावला होता. वर्षभर भिंत धरून चालणाऱ्या साधनानंही एक सोमवार सोडला नव्हता. सोडू का, असं तिनं एकदा विचारल्याचं तुळजाबाईंना आता नको तितकं स्पष्ट आठवलं.

उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं. घरातल्यांना यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात चांगुणाबाई आल्या. हातात कार्ड. "सहा डिसेंबरला दिल्तं. बायांना चार महिन्यांचं अंतर लागतं, ते होऊन गेलं. वय चौपन्न. सकाळी दोन भाकरी आन् मेथीची भाजी खाल्ली," असं त्यांनी न विचारता सगळं सांगितलं. त्यांचा थेंब निळ्या पाण्यात पडला आणि विहिरीत टाकलेल्या दगडासारखा सरळ तळाला गेला.

एक बाटली झाली. घड्याळात सव्वा वाजला होता, बट्ट्या अजून निखाऱ्यावर होत्या आणि दुसरी बाटली कुठंच दिसत नव्हती. तुळजाबाई अंगणात येऊन ओरडल्या, "या चौदांत एकबी माणूस न्हाई का ज्यानं माझं ऐकलं न्हाई?"

जीपच्या बॉनेटला टेकलेला ड्रायव्हर संपत, चाळिशीचा गडी, खाली बघत पुढं आला. "वैनीसाहेब, रागावू नका. मी चौदांत न्हाई, मी गाडी चालवत आल्तो. अंबडला गाडी थांबली तव्हा हे सगळे झाडाखाली नामस्मरण करून राह्यले, आन् मी हाटेलात दोन पलेट पोहे खाल्ले. वर भजे."

"भजेसुदिक?"

"गरम व्हते."

तुळजाबाईंनी त्याला दंडाला धरून खाटेपर्यंत नेलं. जावयासाठी ठेवलेला नारळ संपतच्या हातात गेला. त्याचाही थेंब बुडाला. एक वाजून चाळीस मिनिटांनी दुसरी बाटली भरली, आणि दोनला गाडी परतूरला निघाली. संकल्प तेहतीसचा होता. दवाखान्यानं दोन मागितल्या होत्या. दोनच गेल्या.

"मी म्हणलो व्हतो," भुजंगराव म्हणाले.

"पेपर वाचा."

"सकाळधरनं दोनदा वाचून झाला."

अडीच वाजता बट्ट्या झाल्या. चौदा माणसं खानदानाला शोभेल अशी जेवली आणि बॅनरच्या सावलीत घोरत पडली. तुळजाबाई तेव्हा रस्ता ओलांडून समोरच्या घरात गेल्या. चांगुणाबाई पाय वर करून पलंगावर पडल्या होत्या.

"चहा ठेवते," त्या उठायला लागल्या.

"पडा तुम्ही. रक्त देऊन आल्या ना? साखर कुठंय तेवढं सांगा."

तुळजाबाईंनी चांगुणाबाईंच्या चुलीवर चहा केला, दोन कपांत ओतला, आणि एक आपण प्यायल्या. चांगुणाबाई कोपरावर उठून त्या कपात डोकावल्या. मग म्हणाल्या, "पित्ताचं काय?"

"बघू," तुळजाबाई म्हणाल्या. "वीस वर्षांचं साठलंय. एका कपानं कळणार न्हाई. उद्या परत येते."

बुधवारी साधनाचं ऑपरेशन झालं. अंगावर रंग आला, आणि आठव्या दिवशी घरी आल्यावर तुळजाबाईंनी तिच्यापुढं बाजरीची भाकरी, मेथी आणि गुळाचा खडा ठेवला. अजून पुरुषांची पंगत बसायची होती.

"आत्याबाई, आज गुरुवार हाय."

"मला शिकवू नको वार. खा."

मग घरातले पुरुष समोर बोलावले गेले. एवढ्या वर्षांचे नेम मोडायचे नव्हते. देवाशी पंगा घ्यायला तुळजाबाई काही वेड्या नव्हत्या. त्यांनी फक्त बदली केली. सोमवार आणि एकादशी भुजंगरावांना. मंगळवार, गुरुवार, शनिवार राधेश्यामला, कारण तो तरणा आणि गोंदलेला. भागवतला साखर, म्हणून त्याला उपास माफ. त्यानं पोथी वाचायची, मोठ्यांदा, रोज संध्याकाळी मॅचच्या वेळेला.

"अगं, पण हे बायांचे उपास," भुजंगराव म्हणाले.

"देवाला उपास पोचल्याशी मतलब. पोट कोणाचं, हे तो विचारीत न्हाई. आजवर कधी विचारलं का त्यानं? तुम्हीबी न्हाई विचारलं."

भुजंगरावांनी आपणहून पेपर उघडला.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर अंगणवाडीच्या आवारात चांगुणाबाईंनी शिबिर ठेवलं. पुन्हा ज्योत्स्ना, पुन्हा निळं पाणी. दोन महिने भाकरी आणि लोहाच्या गोळ्या खाल्लेली शालू पुढं झाली. तुळजाबाई ग्लासाला नाक लावून उभ्या राहिल्या. थेंब पडला, क्षणभर थबकला, आणि मग मुकाट्यानं खाली निघाला तो तळाला टेकला.

"बुडालं," तुळजाबाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आमच्या खानदानाचं रक्त बुडालं."

शालू बाटलीभर रक्त देऊन उठली. ज्योत्स्नानं तिच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. राधेश्याम सकाळपासून पाण्यावर होता. श्रावणातला पहिला शनिवार होता. त्यानं पुड्याकडं पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं. शालूला दया आली, आणि तिनं दोन बिस्किटं हळूच त्याच्याकडं सरकवली.

तुळजाबाईंनी ती वरच्यावर उचलली आणि शालूच्या पदरात टाकली.

"नेम मोडायला लावू नको त्याला," त्या म्हणाल्या. "देव बघून राह्यला."